परदेशी सरकार ग्राहक म्हणून आलं, तर त्याला ग्राहकच समजा : संसद सदस्यांना बडोद्याहून खुले पत्र

सन्माननीय लोकसभा आणि राज्यसभा सदस्यहो,

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत आमचा डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरचा लहानसा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ चालवतो. गेल्या महिन्यात दिल्लीतल्या एका कार्यालयातून आम्हाला दोन ओळींचं पत्र आलं. एका परदेशी सरकारविरुद्ध लंडनच्या हायकोर्टात आम्ही मिळवलेल्या हुकूमनाम्याची भारतात बजावणी करायला केंद्र सरकारची परवानगी लागते, ती देता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. कारण दिलेलं नाही. नकार देण्याआधी आमचं म्हणणंही कुणी ऐकलं नाही.

हे पत्र त्या कार्यालयाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण ज्या कायद्याच्या आधारावर असं दोन ओळींत उत्तर देता येतं, तो कायदा बदलणं तुमच्या हातात आहे. आणि उघडपणे लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की परदेशी सरकारवर दावा किंवा बजावणी करायची तर केंद्राची संमती हवी असं सांगणारं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ निर्यात करणाऱ्या माझ्यासारख्या लहान कारखानदारांना अंगावर येईपर्यंत माहीतच नसतं.

आधी आमचा व्यवहार सांगते. आफ्रिकेतल्या एका देशाच्या सरकारी वीज खात्याने टेंडर काढलं. देशाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांशी आमचं भांडण नाही. टेंडर आम्हाला मिळालं. खात्याचे इंजिनिअर बडोद्याला आले. टाइप टेस्ट, म्हणजे नमुन्याच्या चाचण्या, एर्डा या विद्युत प्रयोगशाळेत झाल्या, रूटीन टेस्ट, म्हणजे प्रत्येक नगाच्या चाचण्या, आमच्या शेडमध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत झाल्या. कॉपरऐवजी अ‍ॅल्युमिनियम वाइंडिंग घेतलं तर नगामागे किती उतरवाल, यावर दुपारभर घासाघीस चालली. शेवटी अ‍ॅल्युमिनियमवर सौदा ठरला आणि वर दोन टक्के सूटही त्यांनी पदरात पाडून घेतली. त्यात काहीच वावगं नाही, जाणता ग्राहक असंच करतो. पण त्या दुपारी माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसांनी तांब्याचा भाव विचारला, वॉरंटी विचारली, उधारीचे दिवस वाढवून मागितले. राज्य चालवण्याचा कुठला अधिकार त्यात वापरला गेला, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

करारात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. वाद झाला तर इंग्लंडचा कायदा आणि लंडनचं न्यायालय. आणि दुसरी जास्त महत्त्वाची : परदेशी राष्ट्र म्हणून मिळणारं संरक्षण, ज्याला कायद्याच्या भाषेत सॉव्हरिन इम्युनिटी म्हणतात, ते या करारापुरतं आम्ही सोडतो. दाव्यापासूनचंही सोडतो आणि आमच्या व्यापारी मालमत्तेवरच्या बजावणीपासूनचंही सोडतो. त्यांच्या वकिलांनी हे कलम वाचलं, दोन ठिकाणी शब्द बदलून घेतले आणि मग त्यांच्या अधिकाऱ्याने सही केली.

पहिल्या खेपेचे पैसे आले. पुढच्या खेपांचे आले नाहीत. मालाविषयी एकही लेखी तक्रार नाही. दर वेळी उत्तर तेच, की बजेटमध्ये तरतूद नाही. ईसीजीसी या निर्यातीचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीच्या विम्यातून काही भाग मिळाला, बाकीची रक्कम आमच्यासारख्या कारखान्याला बुडवण्याइतकी मोठी आहे. शेवटच्या खेपेचे ट्रान्सफॉर्मर अजून शेडमध्ये उभे आहेत. त्यांच्या नेमप्लेटवर त्या देशाच्या वीज खात्याचं नाव आहे आणि ते तिथल्या ग्रीडच्या मापाने बनवलेले असल्याने इथल्या कुठल्या वीज कंपनीच्या कामाचे नाहीत. वाइंडिंग खात्यातल्या बायकांची दुसरी पाळी आम्हाला बंद करावी लागली. त्यातल्या काही जणी वडिलांच्या वेळेपासूनच्या होत्या.

लंडनला दावा करताना तिथल्या वकिलाने सांगितलं, प्रतिवादी हजर होणार नाही, डिफॉल्ट जजमेंट घ्या, स्वस्तात होईल. आमच्या इथल्या वकीलसाहेबांनी ठाम नकार दिला. भारतात याच संहितेच्या कलम १३ प्रमाणे परदेशी निकाल गुणदोषांवर दिलेला असावा लागतो. प्रतिवादी आला नाही म्हणून पुरावा न बघताच दिलेला निकाल इथे टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या प्रकरणात सांगितलेलं आहे. म्हणून आम्ही जास्त खर्च करून रीतसर पुरावा दिला, भावाने साक्ष दिली, टेस्ट रिपोर्टपासून बिल ऑफ लेडिंगपर्यंत (माल जहाजावर चढल्याची पावती) सगळे कागद दाखल केले. ब्रिटनच्या १९७८ च्या स्टेट इम्युनिटी अ‍ॅक्टप्रमाणे दाव्याची नोटीस त्यांच्या परराष्ट्र खात्यामार्फत त्या देशाला गेली, उत्तराला कायद्याने ठरवलेली वाढीव मुदत मिळाली. कुणी आलं नाही. न्यायाधीशांनी कागद तपासून, कारणं देऊन निकाल दिला.

इथवर भारताच्या कायद्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परदेशी निकाल डोळे मिटून मानू नये, हे मलाही पटतं. ग्वाल्हेरच्या शितोळे सरदारांचं प्रकरण जुन्या वकिलांना आठवत असेल. त्यांनी ग्वाल्हेरच्या कोर्टात दावा लावला, प्रतिवादी अलाहाबादकडचे, ते हजर झाले नाहीत, एकतर्फी हुकूमनामा झाला. तो बजावायला अलाहाबादला नेला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६२ मध्ये निकाल लागला : दावा लागला तेव्हा ग्वाल्हेरचं कोर्ट अलाहाबादच्या माणसासाठी परकं होतं, त्याने त्याचा अधिकार कधी मान्य केला नव्हता, म्हणून हुकूमनामा तिथे चालणार नाही. न्याय्यच आहे ते. ज्याने कोर्ट मानलंच नाही त्याच्यावर ते लादू नये. पण आमच्या प्रतिवादीने लंडनचं कोर्ट लेखी मान्य केलं होतं, सहीशिक्क्यानिशी.

ब्रिटन १९५३ पासून आपल्या संहितेच्या कलम ४४अ च्या यादीत आहे, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा हुकूमनामा जणू आपल्याच जिल्हा न्यायालयाने दिला असं समजून बजावता येतो. सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया, न्यूझीलंड याच यादीत आहेत. संयुक्त अरब अमिरात जानेवारी २०२० मध्ये आलं, आणि गुजरातच्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तो फार चांगला निर्णय होता. अमेरिका अजून नाही, त्यामुळे तिथला निकाल घेऊन येणाऱ्याला इथे नव्याने दावाच लावावा लागतो. आम्ही त्या मानाने सुदैवी होतो. त्या देशाच्या सरकारचं मुंबईत एक व्यापारी कार्यालय आहे, त्याचं बँक खातं आहे. दूतावासाशी त्याचा संबंध नाही, माल विकणं आणि विकत घेणं हेच त्याचं काम. त्या खात्यावर दरखास्त, म्हणजे हुकूमनामा बजावण्याचा अर्ज, लावायची तयारी झाली, आणि कलम ८६ आडवं आलं.

या कलमाच्या पहिल्या पोटकलमाप्रमाणे परदेशी राष्ट्रावर कुठल्याही न्यायालयात दावा लावायचा तर केंद्र सरकारची संमती हवी, तीही सरकारच्या सचिवाने लेखी प्रमाणित केलेली. तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे परदेशी राष्ट्राच्या मालमत्तेवर हुकूमनामा बजावायचा तरीही संमती हवी. लंडनचा हुकूमनामा इथल्याच कोर्टाचा समजायचा म्हटल्यावर त्यालाही हे लागू झालं. घरभाडेकरूने परदेशी सरकार असलेल्या घरमालकावर दावा लावायचा असेल, तर तेवढी एक सूट आहे. बाकी सगळ्यांनी दिल्लीला अर्ज करायचा.

बडोदेकरांना हे कलम नवं नाही, हे मला या सगळ्या धावपळीत कळलं. १९०८ मध्ये, म्हणजे सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली त्याच वर्षी, ही संहिता आली, आणि तिच्या कलम ८६ मध्ये संस्थानिक, सरदार आणि परदेशी वकिलाती यांना एकत्र संरक्षण दिलं गेलं. गायकवाड सरकारची रेल्वे ब्रिटिश मुलखातल्या लोकांशी रोजचा व्यवहार करत होती. तिच्यावर एकाने दावा लावला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९३८ मध्ये तिथे ठरलं की ही रेल्वे म्हणजे वेगळी कंपनी नाही, ती महाराजांचीच, तेव्हा दावा महाराजांवरच आहे आणि संमती नसेल तर तो चालणार नाही. महाराजांच्या बाजूने हा आक्षेप सोडून दिला असं दाखवूनही भागणार नाही. पुढे बडोदा संस्थान विलीन झालं, १ मे १९४९ ला. रेल्वे भारत सरकारची झाली. राजेरजवाड्यांचा जमाना संपला, कलमात १९५१ आणि १९७६ मध्ये दुरुस्त्याही झाल्या. पण रेल्वे असो की वीज खातं, सरकारने चालवलेला धंदा म्हणजे सार्वभौम सत्ता, आणि तिच्या दारात जायचं तर आधी परवानगी, हा गाभा तसाच राहिला. आज माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या बिलाला तोच नियम लागतो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी. हे संरक्षण त्या देशाचं आहे, आपलं नाही. ते सोडायचं की ठेवायचं हे त्याने ठरवायचं, आणि त्याने ते लेखी सोडलेलं आहे. तरीही आपलं सरकार ते त्याच्या अंगावर पुन्हा घालतं. दुसऱ्या पोटकलमात चार कारणं दिली आहेत, त्यांपैकी एक तरी दिसल्याशिवाय सरकारला संमती देता येत नाही : त्या राष्ट्राने तुमच्यावर आधी दावा लावलेला असावा, किंवा ते त्या न्यायालयाच्या हद्दीत व्यापार करत असावं, किंवा हद्दीतल्या त्याच्या स्थावर मालमत्तेचा वाद असावा, किंवा त्याने संरक्षण स्पष्टपणे वा गर्भितपणे सोडलेलं असावं. चौथं कारण आमच्या करारात पांढऱ्यावर काळं आहे. पण कारण असलं म्हणून संमती द्यायलाच हवी, असं कलमात कुठेही नाही. म्हणजे ग्राहक म्हणतो, मला कोर्टात न्या, माझी हरकत नाही. आणि अडवतं ते विकणाऱ्याचंच सरकार. हे कुठल्या राष्ट्राच्या सन्मानासाठी?

दुसरी तक्रार सुनावणीची. १९७६ च्या दुरुस्तीने सहावं पोटकलम आलं : संमती नाकारण्याआधी अर्जदाराला आपलं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायलाच हवी. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरभजन सिंग धल्ला प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. त्या गृहस्थांनी दिल्लीतल्या अल्जीरियाच्या दूतावासाचं आणि राजदूताच्या निवासाचं काम केलं होतं, पैसे राहिले होते, आणि राजकीय कारण सांगून दाव्याची परवानगी नाकारली गेली होती. न्यायालयाने प्रकरण पुन्हा विचारासाठी सरकारकडे पाठवलं. १९९१ मध्ये शांतिप्रसाद अगरवाला प्रकरणातही कारण न देता नाकारण्यावर बोट ठेवलं गेलं. इतकं होऊनही आमच्या हातात दोन ओळी आल्या. लोक म्हणतात, हायकोर्टात रिट करा. करू. पण त्यातून फार तर काय मिळेल, याचं उत्तर धल्ला प्रकरणात आहे : पुन्हा विचार करा, असा आदेश. लंडनला जिंकून आलेल्या माणसाने पुन्हा विचार व्हावा म्हणून आणखी एक लढाई लढायची.

तिसरी तक्रार मुदतीची. ही मला रात्री झोपू देत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बँक ऑफ बडोदाने लंडनमध्ये १९९५ मध्ये एका भारतीय बँकेविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि बजावणीची दरखास्त बंगळुरूला २००९ मध्ये लावली. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा हुकूमनाम्याला मुदत लागते ती ज्या देशाचा हुकूमनामा त्या देशाच्या कायद्याची. इंग्लंडमध्ये सहा वर्षं. त्यामुळे दरखास्त मुदतबाह्य ठरली. तत्त्व म्हणून मी ते मान्य करते. पण आमच्यासारख्याचं काय? लिमिटेशन अ‍ॅक्टच्या कलम १५ मध्ये सरकारी संमतीसाठी गेलेला काळ वजा करायची सोय आहे, ती दाव्यासाठी आहे. दरखास्तीचा उल्लेख तिथे नाही. आणि मुदत मुळात इंग्लंडच्या कायद्याने मोजायची म्हटल्यावर आपल्या कलम १५ चा आधार मिळेल की नाही, यावर वकिलांमध्येच एकमत नाही. म्हणजे अर्ज दिल्लीत पडून राहतो आणि घड्याळ लंडनच्या कायद्याने चालू असतं. संमतीला कायद्यात कालमर्यादाच नाही. एखादा अर्ज नुसता ठेवून दिला, तरी हुकूमनामा मरतो आणि कुणाला नकारसुद्धा द्यावा लागत नाही.

चौथी. याच वेळी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे निर्यातीचे पैसे ठरावीक मुदतीत देशात आणायची जबाबदारी माझी आहे. निर्यातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या संगणक प्रणालीत आमची शिपिंग बिलं अजून उघडी, म्हणजे पैसे न आलेली, दिसतात. बँकेचा माणूस फोन करून विचारतो, मॅडम, रिअलायझेशन कधी, पैसे कधी येणार? एक कायदा म्हणतो पैसे वसूल करून आणा. ज्याच्याकडून आणायचे त्याचं खातं मुंबईत आहे, आणि दुसरा कायदा म्हणतो त्याला हात लावू नका.

पाचवी तक्रार विसंगतीची. जून २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन प्रकरणं एकत्र निकालात काढली. एका भारतीय कंपनीने दिल्लीतल्या अफगाणिस्तान दूतावासाच्या इमारतीचं काम केलं होतं, दुसरीचा इथिओपियाच्या शिक्षण मंत्रालयाशी पुस्तकांच्या पुरवठ्याचा करार होता. दोघींकडे लवादाचे निवाडे होते. न्यायालय म्हणालं, लवादाच्या निवाड्याच्या बजावणीला कलम ८६ ची संमती लागत नाही, व्यापारी करारात उतरलेल्या राष्ट्राला तिथे संरक्षणाच्या आड लपता येणार नाही. त्याआधी २०११ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचापुरतं हेच म्हटलं होतं. मुंबईहून दार-ए-सलामला पाठवलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह डाइजची ती खेप होती, १९९२ सालची. रंगांच्या धंद्यातल्या आमच्या नंदेसरीच्या मंडळींना तो निकाल बारकाईने माहीत आहे. म्हणजे लवादाकडे गेलात तर मोकळे, ग्राहक मंचात गेलात तर मोकळे, आणि न्यायालयात गेलात तर अडकलात. करार तोच, बुडवणारा तोच, बुडालेले पैसेही तसेच. लहान उद्योजकाने कुठल्या दारातून आत जायचं, यावर न्याय अवलंबून असावा, हे तुम्हाला पटतं का?

यावर मला जे उत्तर मिळतं ते मी गंभीरपणे घेते. सांगतात, आपण त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आणली तर उद्या ते आपल्यावर आणतील. परराष्ट्र संबंध दुखावतील. पण जगात हे आधीच चालू आहे, आणि कलम ८६ मुळे ते थांबलेलं नाही. केर्न या ब्रिटिश तेल कंपनीच्या करवादात डिसेंबर २०२० मध्ये लवादाचा निवाडा भारताविरुद्ध गेला, आणि जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्ता गोठवण्याचा आदेश फ्रेंच न्यायालयातून निघाल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. पुढच्याच महिन्यात संसदेने, म्हणजे तुम्हीच, तो पूर्वलक्षी कर मागे घेतला. परदेशी न्यायालयांत भारत आपली बाजू वकील लावून मांडतो, कधी जिंकतो, कधी हरतो. तिथे आपल्याला दार मिळतं. मग इथे समोरच्याला कोर्टात उभं राहून बाजू मांडू द्यायला काय हरकत आहे? संरक्षण आहे की नाही, हा प्रश्न तो देश न्यायाधीशापुढे मांडेल, न्यायाधीश कारणं देऊन ठरवेल, अपील होईल.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. १९५२ मध्ये त्यांच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं की परकीय राष्ट्राच्या व्यापारी व्यवहाराला संरक्षण नाही. पण कुठल्या प्रकरणात काय, हे सांगणं बरीच वर्षं त्या खात्याकडेच राहिलं. साहजिकच प्रत्येक देशाचा राजदूत तिथे जाऊन दबाव आणायचा. १९७६ मध्ये कायदा करून त्यांनी हा निर्णय न्यायालयांकडे सोपवला, आणि त्यामुळे परराष्ट्र खातंही त्या दबावातून सुटलं. आपल्या अधिकाऱ्यांनाही तेच हवं असणार, असं मला मनापासून वाटतं. मित्रदेशाच्या राजदूताला 'हे कोर्टाचं काम आहे' असं सांगता येणं त्यांच्या सोयीचं आहे. आज त्यांना प्रत्येक बुडीत बिलावर राजकीय निर्णय द्यावा लागतो.

ब्रिटनच्या अपील कोर्टाने १९७७ मध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने सिमेंटसाठी दिलेल्या लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, संरक्षण नाकारलं, पुढच्या वर्षी कायदा झाला. सिंगापूरने १९७९ मध्ये केला. पाकिस्तानने १९८१ मध्ये अध्यादेश काढला. व्यापारी व्यवहारालाही संरक्षण असतं असं इतकी वर्षं मानत आलेल्या चीनने २०२३ मध्ये वेगळा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००४ मध्ये या विषयावरचा करार स्वीकारला, भारताने त्यावर १२ जानेवारी २००७ ला सही केली. मान्यता अजून दिलेली नाही. सही करताना आपण काय मानलं होतं, ते एकदा वाचून पाहा ही विनंती. व्यापारी व्यवहाराला संरक्षण नाही, हे त्यात स्वच्छ आहे. बजावणीची मर्यादाही स्वच्छ आहे : दूतावासाचं खातं, लष्करी मालमत्ता, मध्यवर्ती बँकेची मालमत्ता, सांस्कृतिक ठेवा यांना हात लावायचा नाही. व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्या मालमत्तेवर लावायचा. याहून जास्त मी एक इंचही मागत नाही. राजदूताच्या गाडीवर किंवा दूतावासाच्या इमारतीवर जप्ती यावी असं मला कधीच वाटलेलं नाही. दूतावासांना संरक्षण देणाऱ्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचा मान राहायलाच हवा.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. परदेशी राष्ट्रांच्या संरक्षणाबद्दल स्वतंत्र कायदा करा. व्यापारी व्यवहाराला संरक्षण नाही आणि व्यवहार व्यापारी आहे की नाही हे न्यायालय ठरवेल, या दोन गोष्टी त्यात असू द्या. २००४ च्या कराराला मान्यता देण्याचा विचार त्याच वेळी व्हावा.

२. तो कायदा होईपर्यंत कलम ८६ मध्ये एवढी एक दुरुस्ती लगेच करा : ज्या राष्ट्राने संरक्षण लेखी सोडलेलं आहे, त्याच्यावर दावा लावायला किंवा त्याच्या व्यापारी मालमत्तेवर हुकूमनामा बजावायला संमती लागणार नाही. हे एक वाक्य घातलं तरी आमच्यासारखे बहुतेक लोक सुटतील.

३. जिथे संमती लागेल, तिथे अर्जावर नव्वद दिवसांत निर्णय, प्रत्यक्ष सुनावणी आणि कारणांसह लेखी आदेश कायद्याने बंधनकारक करा. मुदतीत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असं समजा.

४. संमतीसाठी गेलेला काळ दरखास्तीच्या मुदतीतून वजा होईल, मग हुकूमनामा देशातला असो वा कलम ४४अ खालचा, हे स्पष्ट लिहा.

५. कलम ८६ खाली किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि किती पडून आहेत, एवढे आकडे दरवर्षी संसदेपुढे ठेवायला सांगा. अर्जदारांची आणि देशांची नावं नकोत. आकडे आले की तुम्हालाच कळेल हा प्रश्न एका बडोद्याच्या कारखान्याचा आहे की आणखी कितीजणांचा.

यातली पाचवी मागणी पुरी करायला कायदा बदलावा लागत नाही. तुमच्यापैकी एका सदस्याने येत्या अधिवेशनात एक अतारांकित प्रश्न विचारला तरी सुरुवात होईल. बडोद्याच्या आणि गुजरातच्या खासदारांकडे मी हा प्रश्न लेखी देणार आहे, महाराष्ट्रातल्या निर्यातदारांनीही आपापल्या खासदारांकडे द्यावा. विधी व न्याय विषयक स्थायी समितीने बोलावलं तर करार, टेस्ट रिपोर्ट, लंडनचा निकाल आणि दिल्लीचं दोन ओळींचं पत्र असा सगळा संच घेऊन मी स्वतः येईन.

आपली,
मकरपुरा जीआयडीसीतील एक ट्रान्सफॉर्मर उत्पादक
बडोदे